बोलकं लोखंड, अबोल पोलाद

केमिकल टँकरवरचा डेक ऑफिसर रिकाम्या टाकीत उतरतो तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो. पुढचा माल ही भिंत सोसेल का? माझ्या उमेदीची वर्षं या प्रश्नाचं उत्तर देण्यात गेली. मॅनहोलमधून शिडीने खाली जायचं, दिवा भिंतीवर आडवा धरायचा, वेल्डिंगच्या रेषांवरून हात फिरवायचा आणि वर येऊन ‘टाकी तयार’ किंवा ‘टाकी नाही चालणार’ असं सांगायचं. आज कांडल्याला किंवा न्हावा-शेव्याला लागलेलं नवं जहाज बघायला मिळालं की त्याच्या टाक्या बघून मन भरून येतं. एकाच जहाजात वीस-तीस टाक्या, प्रत्येकीत वेगळा माल आणि सगळ्यांच्या भिंती ड्युप्लेक्स स्टेनलेस स्टीलच्या, करड्या, गुळगुळीत, डाग नसलेल्या. आम्हाला असं जहाज मिळालं असतं तर कितीतरी हाल वाचले असते. तरीही त्या भिंतींपुढे उभं राहिलं की मला आमच्या जुन्या, रंग लावलेल्या, जागोजागी तांबूस झालेल्या टाक्या आठवतात. त्यांनी मला जे शिकवलं, ते या चकाकत्या भिंती शिकवतील का, असा विचार मनात येतो.

आमच्या आधीच्या पिढीचं तर विचारूच नका. तेव्हा ॲसिड काचेच्या मोठ्या बुधल्यांतून जायचं. बुधला वेताच्या टोपलीत, भोवती गवताचा भुसा, आणि अशा टोपल्या डेकवर दोरखंडांनी जखडलेल्या. बाकीची रसायनं पोलादी पिंपांतून जात. सुटा द्रव थेट जहाजाच्या टाकीत ओतून न्यायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली, आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत व नॉर्वेत खास रसायनांसाठी जहाजं तयार होऊ लागली. नॉर्वेच्या ओडफ्येल कंपनीचं १९६० सालचं ‘लिंड’ हे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या असलेल्या अगदी सुरुवातीच्या जहाजांपैकी एक. पण स्टेनलेस महाग, आणि त्याचं वेल्डिंग जाणणारे हातही कमी. म्हणून पुढची कितीतरी वर्षं बहुतेक जहाजांवर मधल्या थोड्या टाक्या स्टेनलेसच्या आणि बाजूच्या टाक्या साध्या पोलादाच्या, आतून रंग दिलेल्या, अशीच वाटणी असे. मी समुद्रावर गेलो तेव्हा हेच चित्र होतं.

या कामातला पहिला धडा असा की सगळ्या मालाला चालेल अशी धातू जगात नाही. आपल्या घरात हे ज्ञान पूर्वीपासून होतं. आंबट पदार्थ पितळेच्या पातेल्यात कल्हईशिवाय कोणी शिजवत नसे आणि लोणचं चिनी मातीच्या बरणीतच मुरायचं. जहाजावर तोच नियम हजारो टनांच्या मापाने पाळावा लागतो. कास्टिक सोडा साध्या पोलादात बेताच्या तापमानाला शांत राहतो, पण जस्त आणि ॲल्युमिनियम यांना मात्र तो खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. अमोनियाला तांबं-पितळ चालत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेसलाही जुमानत नाही, त्याच्यासाठी टाकीला आतून रबराचं अस्तर लागतं. मालाचं नाव कळलं की आधी धातू आठवायची, मग टाकी ठरवायची. नवीन पोरांकडून आम्ही हे पाढ्यांसारखं घोकून घ्यायचो.

रंगाच्या टाक्यांचं तर वेगळंच शास्त्र होतं. मुख्य रंग दोन. एक झिंक सिलिकेट, जस्ताची भुकटी असलेला, करडा आणि खरखरीत. मिथेनॉल, ॲसिटोन, टोल्युइन असल्या सॉल्व्हंटना तो उत्तम. पण आम्ल किंवा कास्टिक लागलं की त्यातलं जस्त विरघळून जायचं. दुसरा इपॉक्सी, चकचकीत आणि टणक. खाद्यतेलाला, कास्टिकला तो चांगला, पण मिथेनॉलसारखे द्रव तो हळूहळू पिऊन घ्यायचा आणि मऊ पडायचा. अशा वेळी माल उतरवल्यावर टाकीला भरपूर हवा देऊन रंगातलं सॉल्व्हंट उडू द्यावं लागे. तो घाम निघायच्या आत कोणी पाण्याने टाकी धुतली, तर रंगाला फोड यायचे आणि फोडाखालचं पोलाद उघडं पडायचं.

प्रत्येक जहाजावर रंग बनवणाऱ्यांनी दिलेली एक जाड फाइल असे. कुठला माल चालेल, किती दिवस चालेल, कुठल्या मालानंतर कुठला भरू नये, याचे तक्ते. फाइल छापील, पण तिचं खरं मोल समासात होतं. आधीच्या ऑफिसरांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं: या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात पाणी साचतं, इथे रंग पातळ आहे, या मालानंतर तक्त्यात दिल्यापेक्षा जास्त हवा द्या. कोण कुठला ऑफिसर, कुठल्या देशाचा, आम्हाला माहीत नसे. पण त्याचं अक्षर ओळखीचं होऊन जाई. जहाज बदलताना मी माझ्याही नोंदी करून ठेवायचो, आणि पुढचा माणूस त्या वाचणार याचा एक हुरूप असायचा.

फाइलपेक्षाही मोठा ग्रंथ म्हणजे आमचे सारंग, खलाशांचे मुकादम. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातले, तीन पिढ्या बोटीवर काढलेल्या घरातले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, ते वयाने मोठे असूनही आम्हाला साहेब म्हणत. हातात चिपिंग हॅमर घेऊन ते टाकीच्या भिंतीवर हलकेच ठोकत चालायचे आणि आवाज ऐकायचे. प्लेट जाड, धडधाकट असेल तर खणखणीत आवाज. गंजाचे पापुद्रे सुटले असतील किंवा प्लेट झिजली असेल तर बसका, दबलेला आवाज. “साहेब, लोखंड खोटं बोलत नाही. गंजलं तर रंग बदलतं, फुगतं, पापुद्रे टाकतं. आपण ऐकायचं फक्त,” असं ते म्हणायचे. त्यांच्या खडूच्या खुणा जिथे पडत, तिथेच पुढे ड्राय डॉकमध्ये जाडी मोजणारं यंत्र लावलं की आकडा कमी यायचा. आम्ही पोरं चाचांच्या मागे दिवा धरून फिरायचो आणि तीच आमची शाळा होती.

साध्या पोलादाचं सगळ्यात मोठं नवल म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. नव्या माणसाला वाटतं, ॲसिड जितकं तीव्र तितकं धातूला घातक. पण ९८ टक्के तीव्रतेचं सल्फ्युरिक ॲसिड साध्या पोलादाच्या टाकीत सुखरूप राहतं. पोलादाचा वरचा थर ॲसिडशी क्रिया करून लोहाच्या सल्फेटचा एक पापुद्रा बनवतो, आणि तोच खालच्या धातूचं रक्षण करतो. हा पापुद्रा नाजूक असतो. ॲसिड पाइपातून वेगाने सोडलं तर तो धुऊन जातो, म्हणून माल हळूहळू भरायचा. आणि पाण्यापासून तर जिवापाड जपायचं. ॲसिडमध्ये पाणी गेलं, ते सौम्य झालं, की ते पोलादावर तुटून पडतं आणि हायड्रोजन सुटू लागतो. टाकी रिकामी झाल्यावर भिंतीवर उरलेला ॲसिडचा पातळ थर हवेतलं दमट पाणी ओढून घेतो आणि तिथेच खायला सुरुवात करतो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत हे भय दुप्पट. माल उतरला की टाकी बंद आणि हवेचा मार्ग कोरडा ठेवायचा, यासाठी चाचा स्वतः पहारा द्यायचे.

पाणी मिसळलं तर काय होतं, ते जगाने १९९८ मध्ये पाहिलं. ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे बंदरात ‘बहामास’ नावाच्या टँकरवर सल्फ्युरिक ॲसिडची गळती झाली. ॲसिड पाण्याशी मिसळलं, पोलाद खाऊ लागलं, हायड्रोजनचा धोका उभा राहिला, आणि हजारो टन मालाचं करायचं काय या पेचात ते बंदर दीर्घकाळ अडकून पडलं. आमच्यासारख्यांनी ती बातमी वाचली तेव्हा चाचांचा तो पहारा डोळ्यांपुढे आला.

मग आमच्या वाट्याला स्टेनलेसच्या टाक्या जास्त येऊ लागल्या. त्यांचा डौल काही औरच. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम मिसळलं की त्याच्यावर ऑक्साइडचा एक थर आपोआप येतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांश भागांत मोजायची, पण तोच सगळा किल्ला लढवतो. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा भरून निघतो. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं ३०४ हे स्टील आपल्या स्वयंपाकघरातही आलं. पण समुद्रावर ते अपुरं पडतं, कारण मिठातला क्लोराइड हा त्या थराचा वैरी. म्हणून जहाजावर ३१६एल आलं, ज्यात २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतं. नावातला ‘एल’ कार्बन कमी असल्याची खूण. कार्बन जास्त असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आसपासचं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि नेमकी तीच पट्टी उघडी पडते. काही जहाजांवर खर्च वाचवण्यासाठी साध्या पोलादाच्या प्लेटवर स्टेनलेसचा दीड-दोन मिलिमीटरचा थर चढवलेली प्लेट वापरत. तिथे तर एकेका खड्ड्याची खोली मोजावी लागे, कारण खड्डा त्या थराच्या पार गेला की खाली साधं पोलादच.

या नव्या धातूबरोबर कामाची रीतच पालटली. टाकीत जाताना बुटांवर कापडी पिशव्या. लोखंडी वायर ब्रश वर्ज्य, कारण त्याचे कण भिंतीत रुतून गंजतात आणि स्टेनलेसला डाग देतात. शेजारी साध्या लोखंडाचं ग्राइंडिंग चालू असेल तर ठिणग्या उडू नयेत म्हणून आडोसा. टाकी समुद्राच्या पाण्याने धुतली तर लगेच गोड्या पाण्याने खळखळून काढायची, कारण समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं. लोखंडाचे कण राहिले असतील की नाही, ते एका रसायनाचा फवारा मारून बघायचो. निळे ठिपके उमटले की समजायचं, इथे लोखंड आहे. मग पिकलिंग करून, म्हणजे ॲसिड लावून, ती जागा स्वच्छ करायची आणि थर नव्याने धरू द्यायचा. मिथेनॉल भरायच्या आधी सर्व्हेअर भिंतीवर मिथेनॉल ओघळवून खाली गोळा करी, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकी आणि द्रव गढूळ होतो का ते बघे. त्या काचेच्या नळीकडे आम्ही सगळे श्वास रोखून बघायचो.

याच काळात मला एक गोष्ट उमगली, आणि आज सगळ्यात जास्त तीच सांगावीशी वाटते. साधं पोलाद गंजतं ते सगळ्या अंगाने, उघडपणे. स्टेनलेस मात्र गंजतं ते एका बिंदूत. सगळी भिंत आरशासारखी असते आणि एका कोपऱ्यात, वेल्डिंगच्या कडेला किंवा गाळाखाली, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असतो. बाहेरून ठिपका, आत पोकळी. हॅमरचा ठोका त्याचा पत्ता देत नाही. रंग बदलत नाही, पापुद्रा पडत नाही. ज्या दिवशी कळतं त्या दिवशी माल पलीकडच्या जागेत उतरलेला असतो. चाचांचं बोलकं लोखंड गेलं आणि त्याच्या जागी जास्त बळकट पण अबोल पोलाद आलं. अबोल माणसाबरोबर राहायला जास्त लक्ष लागतं. या पोलादाचंही तसंच.

फॉस्फोरिक ॲसिडने हा धडा पक्का केला. हे ॲसिड म्हणजे आपल्या शेतीचा कणा. भारत हे ॲसिड जगात सर्वांत जास्त आयात करतो. मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल इथून ते येतं, आणि कांडल्याच्या इफ्कोसारखे कारखाने त्यापासून डीएपी आणि मिश्र खतं बनवतात. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या बांधावर उतरणाऱ्या खताच्या पोत्यामागे अशा टाक्यांचा प्रवास असतो. हे ॲसिड खनिज फॉस्फेटपासून बनतं, त्यामुळे त्यात क्लोराइड, फ्लोराइड आणि बारीक गाळ येतोच. पाण्याच्या दीडपटीहून जड. प्रवासात गाळ तळाशी बसतो, आणि त्याच्याखाली ऑक्सिजन पोचत नसल्याने स्टेनलेसचा थर पुन्हा भरून येत नाही. म्हणून माल ढवळत ठेवायचा आणि उतरवल्यावर तळ खरवडून, धुऊन काढायचा. ३१६एल कधी कधी इथे हार खायचं. कुठल्या खाणीचं ॲसिड आहे यावर सगळं अवलंबून असे.

ड्युप्लेक्स स्टीलने यावर मात केली. ते १९३० च्या सुमारास स्वीडनमध्ये बनलं होतं, पण जहाजांवर खऱ्या अर्थाने आलं ते १९८० च्या दशकाच्या शेवटी. २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मोलिब्डेनम आणि थोडा नायट्रोजन. आतली घडण दोन प्रकारच्या स्फटिकांची, साधारण निम्मी-निम्मी. क्लोराइडला ते ३१६एलपेक्षा खूपच जास्त तोंड देतं, आणि ताकद तर जवळजवळ दुप्पट, म्हणून प्लेट पातळ ठेवता येते आणि जहाज हलकं होतं. त्याचं वेल्डिंग करताना उष्णता फार जपावी लागते, नाहीतर ती निम्मी-निम्मी घडणच बिघडते. गोदीतल्या वेल्डरने ते कसब कमावलं म्हणून आज हे स्टील इतक्या जहाजांवर दिसतं.

एवढ्या मोठ्या जहाजांचं हे शास्त्र आमच्या हर्णैच्या बंदरातही होतं, फक्त आकार लहान. माझ्या काकांची मासेमारीची बोट सागवानाची होती. सागवानातलं तेल लोखंडी खिळ्यांना सांभाळून घेतं. ओक लाकडात असतात तशी लोखंड खाणारी आम्लं त्यात नसतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेलं ‘ट्रिंकोमली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे, त्यामागे या लाकडाचा हा गुण आहे. काकांच्या बोटीवर पाण्याची टाकी जस्ती पत्र्याची, पण डिझेलची टाकी मात्र साध्या पत्र्याची, आतून जस्त नसलेली. जस्त डिझेलशी क्रिया करून चिकट साबणासारखा पदार्थ बनवतं आणि फिल्टर तुंबतो. काका तांडेल होते. रसायनशास्त्र ते शाळेत शिकले नव्हते, पण “डिझेलला जस्ती नको रे, इंजिन गुदमरतं,” हे ते मला लहानपणीच सांगून गेले. पुढे जहाजावर झिंक सिलिकेटचा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यातला एक धडा घरातच झालेला होता. आज त्या बंदरात बऱ्याच बोटी फायबरच्या, पाण्याच्या टाक्या प्लास्टिकच्या. गंजाची कटकट संपली, हे चांगलंच.

जुन्या दिवसांची ओढ वाटते म्हणून त्यातला त्रास मी विसरलेलो नाही. गंजाने केवळ जहाज पोखरलं जात नसे, तर माणसंही मेली. बंद टाकीत पोलाद गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन खातं. बाहेर २०.९ टक्के असलेला ऑक्सिजन आत इतका कमी होतो की उतरलेला माणूस शिडीवरच कोसळतो, आणि त्याला वाचवायला धावलेला दुसराही. आज ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजणारं यंत्र प्रत्येकाच्या छातीवर असतं आणि परवान्याशिवाय कोणी टाकीत उतरत नाही. रसायनवाहू जहाजांसाठी १९८६ पासून लागू झालेल्या आयबीसी कोडने धोकादायक माल जहाजाच्या बाहेरच्या कातडीपासून आत ठेवायला लावला. १९८७ मध्ये मारपॉल या सागरी प्रदूषणविरोधी कराराचं दुसरं परिशिष्ट अमलात आलं आणि टाकी धुऊन उरलेली रसायनं वाटेल तशी समुद्रात ओतण्याला आळा बसला. ड्युप्लेक्समुळे रंगाच्या वाफेत दिवसेंदिवस काम करणं टळलं. चाचांच्या फुप्फुसांना हे सुख मिळालं असतं तर, असं मला नेहमी वाटतं. ही सगळी कमाई आहे, आणि ती कोणी परत द्यायला सांगितली तर मी देणार नाही.

पण एक गोष्ट आपण हातची घालवतो आहोत. आजच्या जहाजावर कुठला माल कुठल्या टाकीत जाईल, ते संगणक सांगतो. तक्ते बरोबर असतात. पण पडद्यावर समास नाही. या टाकीच्या या कोपऱ्यात गाळ राहतो, या जोडाजवळ मागच्या वर्षी ठिपका दिसला होता, हे लिहायची जागाच उरलेली नाही, आणि खलाशी काही महिन्यांनी बदलतात. उघडपणे गंजणाऱ्या लोखंडाने एखाद्याचं दुर्लक्ष माफ केलं असतं, कारण पुढच्याला गंज दिसलाच असता. गुपचूप गंजणारं पोलाद ते माफ करत नाही. म्हणजे धातू सुधारली तशी जुन्या नजरेची गरज कमी व्हायला हवी होती, पण ती वाढली आहे.

म्हणून तरुण अधिकाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. प्रत्येक टाकीची वेगळी वही ठेवा, कागदावर ठेवा की संगणकात, पण तिच्यात आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. दिवा भिंतीवर समोरून मारू नका, आडवा धरा, म्हणजे ठिपक्याची सावली पडते. वेल्डिंगची कडा, गरम पाइपाच्या आधाराखालची जागा, पंपाच्या विहिरीचा तळ या तीन जागा कधी सोडू नका. आणि आपल्या नौकानयन प्रशिक्षण संस्थांना विनंती आहे की जुनी जहाजं मोडीत निघतात तेव्हा त्यांच्या टाक्यांमधून कापलेल्या प्लेट मिळवा. फोड आलेला इपॉक्सी, विरलेलं झिंक, सल्फ्युरिकने चिरलेलं पोलाद, सुईच्या टोकाएवढ्या भोकामागे पोकळ झालेलं ३१६एल, हे सगळं वर्गातल्या टेबलावर असू द्या. पोरांच्या हातात ते द्या, बोट फिरवू द्या. तक्ता पाठ होण्याआधी धातू हाताला कळली, तर हीच पोरं उद्याच्या जहाजांवर चाचांसारखीच भरवशाची ठरतील, आणि ड्युप्लेक्सहून पुढची एखादी धातू आली तरी तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे तेच आधी ओळखतील.